गाळलेला प्रश्न

वालीवच्या ज्या कारखान्यात मी तीन वर्षं काढली तिथे औषधांच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनत. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी चोवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. वडील मुंबईत नोकरीला, फ्लॅट वसईत पूर्वेला. मुलीला रिक्षाच्या अंतरावर नोकरी मिळाली याचाच घरी आनंद होता. कारखान्यात पाच कॉम्प्युटर होते आणि ते चालू ठेवायचे, एवढंच माझं काम.

रुजू होऊन महिना झाला असेल. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमच्या पाचही कॉम्प्युटरवर, ते ज्याच्यावर चालतात ती सिस्टीम चोरून कॉपी केलेली होती. त्या काळी बहुतेक ठिकाणी तशीच असे. मागच्या गल्लीतल्या एका गाळ्यात म्हणे तपासणीला माणसं आली आणि कॉम्प्युटर उचलून घेऊन गेली. ते खरं होतं की नुसती आवई, मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेठना मात्र एकच प्रश्न पडला होता, त्या लोकांना बातमी दिली कोणी? हे बोलताना ते माझ्याकडेच बघत होते, कारण कारखान्यात सगळ्यात नवी मी होते.

मी त्यांना लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमबद्दल सांगितलं. एका मासिकाबरोबर आलेली त्याची सीडी माझ्याकडे होती. विकत घ्यावं लागत नाही, कॉपी करायला बंदी नाही, तपासणी आली तरी घाबरायचं कारण नाही.  शेठ म्हणाले, ज्याची किंमत आधी सांगत नाहीत त्याची नंतर कळते. पण तपासणीची भीती त्याहून मोठी होती, म्हणून शेवटी हो म्हणाले.

आमची मशिनं जुनी, कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेली. नेहमीचं तयार लिनक्स त्यांच्यावर रांगायला लागे. म्हणून मी एक वेगळं वितरण, म्हणजे लिनक्सचाच एक वेगळा प्रकार, निवडला. बाकीची वितरणं म्हणजे भरलेला डबा, त्यात जे असेल ते खायचं. हे म्हणजे शिधा. आपल्याला लागेल तेवढाच घ्यायचा आणि आपल्याच मशिनवर शिजवायचा. त्यामुळे जुन्या मशिनलाही ते अंगाबरोबर बसे. पण एकेक मशिन तयार व्हायला दोन-दोन दिवस लागत, आणि मधे वीज गेली की अर्धं शिजलेलं फुकट जाई. वालीवला तेव्हा वीज जात नाही असा दिवस क्वचितच उगवे. माझ्या वहीत या सगळ्याच्या एकतीस पायऱ्या लिहिलेल्या होत्या.

या कामाला शेठनी माझ्याशेजारी काकांना बसवलं. मदतीला बसवतोय असं मला सांगितलं. लक्ष ठेवायला असं त्यांना सांगितलं असणार, हे पहिल्या तासाभरातच माझ्या ध्यानात आलं.

काका आमचे साचे सांभाळत. जूचंद्र गावचे, खाडीकाठी भातशेती असलेल्या घरातले. पंचावन्नच्या पुढचे, सडपातळ, बोलायला कमी. दिवाळीत गावात ते रांगोळी काढत आणि त्यांचा हात सरळ रेषेत केसाएवढाही हलत नसे असं कामगार सांगायचे. झाकणाचा साचा वापरून झिजतो, मग तो घासून पुन्हा मापात आणावा लागतो. कुठला साचा कुठे किती घासला, आता त्याचं माप काय, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. माझ्याआधीच्या ऑपरेटरने त्यांच्याकडून एकेक माप विचारून ते पाचव्या कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं. त्याची दुसरी प्रत काढायला शेठची सक्त मनाई होती. दुसरी प्रत म्हणजे चोराला करून दिलेली किल्ली, असं ते म्हणायचे. कामणच्या बाजूला झाकणं बनवणारा आणखी एक कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि आपली मापं तिकडे जातील हा धसका त्यांनी घेतला होता.

पहिल्या दिवशी काकांनी सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "कोन देतं ही?"

मी सांगितलं, जगभरची माणसं मिळून बनवतात आणि वाटतात.

"फुकट?"

"फुकट."

"खाडीचं पानीसुद्धा फुकट येत नाय, बाय. येताना काय तरी घेऊन जातं." एवढं बोलून त्यांनी माझी वही पुढ्यात ओढली आणि कानावरची पेन्सिल काढली.

त्यानंतर प्रत्येक पायरी मी मोठ्याने वाचायची, आज्ञा टाइप करायची आणि काकांनी वहीत बरोबरची खूण करायची, असं चाललं. इंग्रजी त्यांना फारसं येत नसे, पण अक्षर आणि आकडा बरोबर जुळवत. नववी पायरी सगळ्यात नाजूक होती. कॉम्प्युटरच्या खोक्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, कुठल्या डिस्क आहेत ते मशिनला विचारायचं, आणि त्यातली कुठली पुसून तिच्यावर नवी सिस्टीम टाकायची ते सांगायचं. एकदा पुसली की पुसली. या पायरीला काका मला थांबवत, स्क्रीनवरचा आकडा बोटाने दाखवत आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहत. मला त्याचा कंटाळा येई. चार मशिनांत तर एकेकच डिस्क होती, मग ताडायचं काय?

अडलं की मी इंटरनेटवरच्या एका गटाला पत्र लिहीत असे. हे वितरण वापरणारी माणसं तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवत. परदेशातला एक माणूस मला नेहमी उत्तर द्यायचा, लांबलचक आणि बिनचूक. काकांनी एकदा विचारलं, तो कोण, त्याला तुझ्याकडून काय हवंय? मी हसून टाळलं. पण नंतर त्या माणसाने आमच्या मशिनांची सगळी माहिती मागवली, कुठली डिस्क, कुठलं कार्ड, आत काय काय बसवलंय. मी ती पाठवली आणि दोन दिवस मलाही चैन पडलं नाही. शेठ म्हणतात ते खरं असलं तर, असं वाटत राहिलं. त्याने त्या माहितीवरून मला नेमकी कुठली फाइल बदलायची ते सांगितलं, आणि बाकी काही झालं नाही. पण मी काकांना हे सांगितलं नाही. सांगितलं तर शेठपर्यंत जाईल अशी माझी खात्री होती.

पहिल्या मशिनला सहा दिवस लागले, कारण वीज चार वेळा गेली. तेव्हा मी ठरवलं की ही पद्धत सोपी करायची. शिधा एकदाच शिजवायचा, पहिल्या मशिनवर. तयार झालेलं सगळं सीडीवर उतरवायचं आणि बाकीच्या मशिनांवर नुसतं वाढायचं. एकतीस पायऱ्यांची मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे एकापाठोपाठ आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी. सुरुवातीला ती अकरा प्रश्न विचारायची. मग मी एकेक प्रश्न काढत गेले. भाषा कुठली? ठरलेली. वेळ कुठली? ठरलेली. डिस्क कुठली? पहिलीच, दुसरी आहे कुठे? शेवटी उरलं ते एवढंच, सीडी घालायची, एंटर दाबायचं आणि चहाला जायचं. चाळीस मिनिटांत मशिन तयार. त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला तितका नंतर फार कमी वेळा वाटला असेल.

काकांना हे आवडलं नाही. दुसऱ्या मशिनला मी एंटर दाबलं तेव्हा ते वही उघडून, पेन्सिल धरून बसले होते. स्क्रीनवरून ओळी सरसर वर जात होत्या, डोळ्यांना वाचता येणार नाहीत अशा वेगाने.

"नववी गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली, काका. आता विचारत नाही ती."

"का नाय विचारत?"

मी म्हटलं, गरज नाही म्हणून. त्यांनी वही मिटली. तिसऱ्या आणि चौथ्या मशिनला ते शेजारी बसलेच नाहीत, माझ्या पाठीमागे उभे राहिले. आधी जे समोर दिसत होतं ते आता मी मुद्दाम झाकलंय, असं त्यांच्या मनात आलं होतं. मला वाटलं, आपली गरज संपली म्हणून यांना राग आला. कँटीनमध्ये मी आत गेले की ते ज्याच्याशी बोलत असत तो गप्प होई. एकदा ते शेठच्या केबिनमधून बाहेर आले आणि पुढच्या पाच मिनिटांत शेठनी मला विचारलं की परदेशात कुणाला पत्रं लिहितेस. त्या दिवसापासून मी काकांशी कामापुरतंच बोलायला लागले. माझी स्क्रिप्ट फसावी असं या माणसाला वाटतंय, हे मी मनात पक्कं केलं.

राहिला पाचवा कॉम्प्युटर, मापांचा. त्यात शेठनी एक नवी डिस्क बसवून घेतली होती, आणि ती बसवताना काका शेजारी उभे राहून पाहत होते. पहिल्या डिस्कवर जुनी सिस्टीम आणि सगळी मापं, दुसरी नवी, कोरी. लिनक्स कोऱ्या डिस्कवर टाकायचं, मापांना हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. आमची सुट्टी शुक्रवारी असे. त्या दिवशी झाकणांची मशिनं बंद, विजेवर ताण कमी, म्हणून हे काम शुक्रवारी मी एकटीने करायचं होतं.

माझी स्क्रिप्ट न विचारता पहिली डिस्क पुसायची. मी ते विसरले नव्हते. गुरुवारी दुपारी मी ती ओळ बदलली, पहिलीच्या जागी दुसरी लिहिलं आणि नवी सीडी तयार केली. काकांना मी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. म्हटलं, सांगितलं तर उगाच शंका काढतील आणि शेठला सांगून काम थांबवतील.

शुक्रवारी सकाळी मी सीडी घातली आणि एंटर दाबलं. चाळीस मिनिटांनी सिस्टीम छान सुरू झाली. मग मी मापांची डिस्क उघडायला गेले. ती कोरी होती.

मी तीन वेळा पाहिलं. मशिन बंद करून पुन्हा चालू केलं. मग स्क्रिप्ट काढून पाहिली, तर ओळ मी लिहिली तशीच होती. शेवटी कॅबिनेट उघडायला घेतलं आणि मागचे दोन स्क्रू सैल लागले. आत दोन्ही डिस्क मशिनला जोडणाऱ्या तारांच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. कुठली डिस्क पहिली आणि कुठली दुसरी, हे मशिन पट्टीवरूनच ठरवतं. नव्या डिस्कची पट्टी मापांच्या डिस्कला, मापांच्या डिस्कची नवीला. त्यामुळे मापांची डिस्क आता दुसरी झाली होती, आणि मी दुसरीच पुसली होती.

हे कुणी केलं याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

शनिवारी सकाळी काका साच्यांच्या फडताळाशी उभे होते. मी विचारलं, "कॅबिनेट तुम्ही उघडलं होतं?"

त्यांनी हातातला साचा खाली ठेवला. "हां. गुरुवारी, सुटल्यावर."

"का?"

"चार मशिनं मी बघितली. चारी येळा तू पहिली पुसली. मापांची पहिलीच होती. तू इचारायचं बंद केलं, म्हनून मी ती दुसरी केली." मग माझा चेहरा पाहून ते थांबले. "काय झालं बाय?"

मी काय झालं ते सांगितलं, पण अर्धंच. मापं गेली, पट्ट्या बदलल्या होत्या म्हणून गेली, असं सांगितलं. गुरुवारी मीही ओळ बदलली होती, हे मी बोलले नाही. ते फडताळाला टेकून खाली बसले. तीस वर्षं त्यांनी बोटांनी केलेलं काम त्या डिस्कवर होतं, आणि ते आपल्याच हाताने गेलं असं त्यांना वाटत होतं. मी ते वाटू दिलं.

शेठनाही मी तेवढंच सांगितलं. काकांनी कॅबिनेट उघडल्याचं कबूल केलं होतं, त्यामुळे पुढे काही विचारायची गरज पडली नाही. शेठचा संशय लगेच कामणला पोचला. तिकडून कुणी बोललं का, किती देऊ म्हणाले, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. काका म्हणाले, नाही.  साच्यांच्या फडताळाची किल्ली शेठनी काढून घेतली आणि त्यांना पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. तिथे बायका झाकणं निवडून पिशव्यांत भरत. काका त्यांच्यात बसून सदोष झाकणं बाजूला काढायला लागले. माझ्या खुर्चीवरून ते सरळ दिसत.

दोन दिवस मी ते बघितलं. या दोन दिवसांत मी स्वतःला बरंच काही समजावलं. त्यांनी न सांगता उघडलंच का? त्यांनी उघडलं नसतं तर काही झालंच नसतं. हे खरंच होतं. पण मी ओळ बदलली नसती तरीही काही झालं नसतं. दोघांपैकी एकानेच बदल केला असता तर मापं वाचली असती. दोघांनीही मापं वाचवायलाच एकेक गोष्ट गुपचूप केली, आणि दोन्ही मिळून ती पुसली गेली. आणि सगळ्यांत पुढे ही गोष्ट येत होती की तो प्रश्न स्क्रिप्टमध्ये असता तर मशिननेच मला थांबवलं असतं. तो मी काढला होता, चहाला लवकर जाता यावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी आधी पॅकिंगच्या टेबलाशी गेले. बायकांसमोरच सांगितलं, कारण त्यांच्यासमोरच काकांना तिथे बसवलं होतं. काकांनी हातातलं झाकण खाली ठेवलं.

"तू पन बदललं?"

"हो."

"गुरुवारीच?"

"दुपारी."

 मला वाटलं ओरडतील, पण ते फक्त उठले आणि म्हणाले, चल शेठकडे.

शेठनी दोघांचं ऐकून घेतलं. ओळ आणि पट्टी हे प्रकरण त्यांना मी कागदावर दोन चौकोन काढून समजावलं. ते त्या चौकोनांकडे बघत राहिले, मग आमच्याकडे, आळीपाळीने. आणि म्हणाले, "तुम्ही दोघांनी मिळून तर हे ठरवलेलं नाही ना?"

एरवी मला हसू आलं असतं. शेठना ते खरंच वाटत होतं.

मापं पुन्हा घेण्यावाचून इलाज नव्हता. साचे होतेच. काकांना किल्ली परत मिळाली आणि आम्ही दोघं फडताळाशी बसलो. ते व्हर्नियरने मोजायचे, मी टाइप करायची. व्हर्नियर म्हणजे केसाइतका फरक दाखवणारी मोजपट्टी. तीन आठवडे लागले. प्रत्येक आकडा ते मला उलट वाचायला लावत, आणि मी वाचला की पुन्हा मोजत. मीही त्यांनी सांगितलेला आकडा मनातल्या मनात मागच्या साच्याशी ताडत होते, हे त्यांना दिसत असणार. काही साचे किती वेळा घासले होते ते त्यांना आठवेना. ते रकाने तसेच मोकळे राहिले.

स्क्रिप्टमध्ये मी प्रश्न परत घातला. आता ती कॅबिनेटमधल्या सगळ्या डिस्क दाखवायची, कुठली केवढी आणि तिच्यावर किती फाइली आहेत ते सांगायची, आणि होकाराचा पूर्ण शब्द टाइप केल्याशिवाय पुढे जायची नाही. ती मी गटालाही पाठवली, इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून. परदेशातल्या त्या माणसाने कौतुक केलं, पण लिहिलं की एवढा मोठा प्रश्न कशाला, लोकांना सोपं हवं असतं, तो काढून टाक. मी त्याला आमची हकीगत लिहिली नाही. प्रश्न ठेवला. आणि तो माणूस हे का सुचवतोय, असा एक बारीक विचार तेव्हाही डोक्यात येऊन गेला, हे मी कबूल करते. नंतर कुणीतरी माझी स्क्रिप्ट घेऊन तो प्रश्न काढला आणि पुढे वाटली. ती जास्त चालली.

मापांचं काम संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. शेवटचे सात-आठ साचे राहिले असतील. काका एक छोटा साचा कापडाने पुसत होते. मधेच हात थांबवून म्हणाले, "एक इचारू? त्या दिवशी तू मना इचारलं असतंस, काका, मापांची डिस्क कुठली हाय, तर मी खरं सांगितलं असतं का?"

मी म्हटलं, सांगितलं असतंत ना.

"मना नाय वाटत," ते म्हणाले. "मी लय येळा इचार केला. मी गप रायलो असतो. म्हटलं असतं, बघू काय करते ती."

 मीही विचारलं नसतं, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी साचा उजेडात धरला, व्हर्नियर लावला आणि आकडा सांगितला. मी तो टाइप केला आणि त्यांनी सांगायच्या आधीच उलट वाचून दाखवला. त्यांनी साचा फिरवला आणि पुन्हा मोजला.